पाहुण्या पाखरांना आवाजाने फसवू नये

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की राधानगरी-दाजीपूरच्या जंगलात आणि कोल्हापूर शहरातल्या जुन्या झाडांवरही तांबुला हा चिमणीहून लहान माशीमार पक्षी मुक्कामाला येतो. त्याचे वजन जेमतेम १० ग्रॅम. तो पूर्व युरोप ते पश्चिम आशिया या पट्ट्यात घरटी करतो, आणि तिकडचे अनेक छोटे गाणारे पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेकडे जात असताना हा मात्र हजारो किलोमीटर उडून आपल्याकडे येतो. मी गेली काही वर्षे अशा पाखरांची छायाचित्रे काढतो, म्हणूनच हे पत्र लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात एका ओढ्याकाठी पाच-सहा छायाचित्रकारांनी तांबुल्याला जवळ ओढण्यासाठी ब्लूटूथ स्पीकरवर त्याच्याच जातीचा ध्वनिमुद्रित आवाज जवळजवळ अर्धा तास लावून ठेवला होता. हा पक्षी हिवाळ्यातही आपली हद्द राखतो, त्यामुळे आपल्या जागेत दुसरा शिरला असे समजून तो शेपटी उभारून, 'टर्रर्र' करत या फांदीवरून त्या फांदीवर धावत राहिला. तेवढ्या वेळात त्याने एकही किडा टिपलेला मला दिसला नाही. हिरवट वटवट्यासारख्या पर्णवटवट्यांनाही (पानांत किडे शोधणाऱ्या चिमुकल्या पक्ष्यांनाही) असेच फसवले जाते. मार्च-एप्रिलमध्ये तर परतीच्या प्रवासासाठी या पक्ष्यांना अंगात चरबी साठवायची असते, आणि नेमके तेव्हाच नराच्या नारिंगी गळ्याच्या चित्रासाठी कॅमेरे वाढतात.

खरे तर आवाज लावण्याची गरजच नाही. तांबुला किडा पकडून पुन्हा त्याच दोन-चार फांद्यांवर येतो. तिथून थोडे दूर, मळकट कपड्यांत तासभर स्वस्थ बसले तर तो आपणहून समोर येतो. दाट सावलीत आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाशसंवेदनशीलता) वाढवावा लागतो, चित्र थोडे दाणेदार येते, पण त्यातला पक्षी आपल्या कामात असतो.

राधानगरी अभयारण्य २०१२ पासून जागतिक वारसा यादीतील पश्चिम घाटाचा भाग आहे. तेथे जाणाऱ्यांचे स्पीकर वनविभागाने प्रवेशद्वारावरच जमा करून घ्यावेत, मोबाइलवरून आवाज लावणाऱ्यांना वाटाड्यांनी तिथल्या तिथे थांबवावे आणि छायाचित्र स्पर्धांच्या संयोजकांनी चित्र कसे मिळवले हे प्रत्येक स्पर्धकाकडून लिहून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, कोल्हापूर