मलम नको, निविदा बदला: प्रयोगशाळांतील हातमोज्यांविषयी

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस
स.न.वि.वि.

लॅब टेक्निशियनच्या हाताला खाज सुटली, भेगा पडल्या की मलम मिळते आणि दुसऱ्या दिवशी तेच हात त्याच मोज्यांत जातात. दुखण्याचे मूळ खरेदीत आहे, म्हणून हे पत्र आपल्याला.

मोजे घातल्यावर काही मिनिटांत गांधी उठल्या, शिंका किंवा दम लागला, तर दोष बहुधा लॅटेक्समधील, म्हणजे नैसर्गिक रबरातील, प्रथिनांचा. पुरळ एक-दोन दिवसांनी, हाताच्या पाठीवर आणि मनगटावर मोज्याची कड संपते तिथे आले, तर संशय थायुराम, कार्बामेट अशा रबर पक्के करणाऱ्या ॲक्सिलरेटरवर घ्यावा. सोमवारचे मोजे बुधवारी त्रास देतात आणि बोल साबणाला लागतो. (साबणानेही त्वचा फुटतेच, पण ती बहुधा ॲलर्जी नसते.)

पावडरचे लॅटेक्स मोजे तर बंदच करावेत. पावडर म्हणून वापरलेल्या मक्याच्या स्टार्चला प्रथिने चिकटतात, मोजा ओढून काढताना ती हवेत उडतात आणि मोजे न घालणाऱ्याच्याही श्वासात जातात. अमेरिकेने असे वैद्यकीय मोजे जानेवारी 2017 पासून बंद केले.

पण निविदेत नुसते ‘नायट्राइल’ (कृत्रिम रबर) लिहून भागणार नाही. त्यात लॅटेक्स नसते, ॲक्सिलरेटर मात्र बहुतेकदा असतात. ‘हायपोॲलर्जेनिक’ (ॲलर्जीची शक्यता कमी) या छापावरही भिस्त ठेवू नये. अट अशी हवी: पावडरविरहित नायट्राइल, उरलेली पावडर प्रति मोजा 2 मिलिग्रॅमपर्यंत, वापरलेल्या ॲक्सिलरेटरची नावे पुरवठादाराकडून लेखी, शिवाय ॲक्सिलरेटरविरहित मोज्यांचा थोडा साठा प्रत्येक लॅबमध्ये.

हिस्टोपॅथॉलॉजीत, म्हणजे ऊतींचे नमुने तपासणाऱ्या विभागात, आणखी एक घोळ होतो. नमुने टिकवण्याच्या 10 टक्के फॉर्मॅलिनमध्ये सुमारे 4 टक्के फॉर्मल्डिहाइड असते, आणि तेही ॲलर्जी आणणारेच. त्याचा थेंब मोज्याच्या आत गेला, तर उघड्या हातापेक्षा जास्त वेळ त्वचेला भिडून राहतो. झायलीन हे तिथले द्रावक पातळ नायट्राइलमधून काही मिनिटांतच पार होते. शिंतोडा उडाला तर पुसत बसू नये, मोजा बदलावा. हात पूर्ण कोरडे झाल्याशिवाय नवा मोजा चढवू नये.

उशिरा येणाऱ्या पुरळासाठी पॅच टेस्टची, म्हणजे संशयित पदार्थ पट्टीने त्वचेवर लावून पाहण्याची, सोय जिल्हा रुग्णालयात हवी. पाठीवरच्या पट्ट्या 48 तासांनी काढतात, पण 72 किंवा 96 तासांनी दुसरे वाचन झालेच पाहिजे. ते चुकले तर उशिरा उमटणारी ॲलर्जी निसटते. मे महिन्यात घामाने पट्ट्या सुटतात, तेव्हा तारखा जपून द्याव्यात. वापरातल्या मोज्याचा तुकडाही लावावा. मात्र मिनिटांत गांधी उठणाऱ्यांना तो लावू नये. त्यांची लॅटेक्स आयजीई (तत्काळ ॲलर्जीची प्रतिपिंडे) रक्ततपासणी करावी.

कारखान्यांच्या 1948 च्या कायद्याने रसायनांच्या संपर्काने होणारा त्वचादाह सरकारला कळवायच्या रोगांत घातला होता. रुग्णालयाची लॅब त्या कायद्यात कारखाना ठरत नव्हती, त्यामुळे तिथला रुग्ण त्या नोंदीत चढत नव्हता. प्रत्येक लॅबमध्ये तारीख, मोज्याचा बॅच क्रमांक, हाताळलेले रसायन आणि पुरळाची जागा एवढ्या चार रकान्यांची नोंदवही सुरू करण्याचा आदेश आपण द्यावा.

आपले,
शासकीय प्रयोगशाळांतील तंत्रज्ञ व त्वचारोगतज्ज्ञ