बाबांच्या गोळ्यांचा डबा

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

आई, काल फोनवर तू विचारलंस, "रिपोर्टात विषाणू सापडत नाही म्हणतात, मग ह्यांची ती गोळी थांबवूया का?" नको. अजिबात नको. टेनोफोव्हिरने हिपॅटायटिस बी दबून राहतो, जात नाही. (सी असता तर काही महिन्यांच्या गोळ्यांत बहुधा निकाल लागला असता.) गोळी सोडली की तो पुन्हा उसळू शकतो, आणि तो दणका सोसायची ताकद बाबांच्या यकृतात उरलेली नाही.

बाकीच्या गोळ्या आधीच झालेल्या नुकसानीसाठी. यकृत कडक झालंय, आतड्याकडून येणारं रक्त तिथे तुंबतं. त्यातूनच पोटात पाणी आणि अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या. पाण्यासाठी स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्रुसेमाइड; शिरांना बँड लावले तरी त्यांच्यातला दाब कमी ठेवायला कार्वेडिलॉल आहेच. मीठ दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट एक चमचा, स्वयंपाकातलं धरून. आणि ते 'कमी सोडियम'वालं मीठ आणू नकोस. त्यात पोटॅशियम असतं, स्पायरोनोलॅक्टोनने ते आधीच वाढतं.

बाबा, आता तुम्ही. सारखं उठावं लागतं म्हणून लॅक्ट्युलोज निम्मं घेता, हे आईने सांगितलं. तिच्यावर चिडू नका. दिवसातून दोन-तीनदा मऊ शौचाला व्हायलाच हवं, ते औषध त्याचसाठी आहे. मागच्या महिन्यात चेकवर सही करताना तुमचं शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलं, तारीख तुम्ही दोनदा विचारलीत. आधीचे तीन दिवस पोट साफ नव्हतं. आतड्यात साचलेला अमोनिया डोक्यात चढला की असंच होतं. रोज सकाळी कॅलेंडरवर एक सही करा. आई, वाकडी दिसली किंवा दिवसभर झोपून राहिले, तर माझ्या आधी डॉक्टरांना फोन कर.

रात्री झोपण्यापूर्वी थोडं खाऊनच झोपा. उपाशी रात्रीत यकृतवाल्यांचे स्नायू झिजतात. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅक मुळीच नाही, किडनी बसेल. सहा महिन्यांची सोनोग्राफीही चुकवायची नाही, गाठ लवकर दिसावी म्हणून ती असते.

प्रत्यारोपणाचं नाव काढलं की तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता. पुढच्या तपासणीला मी सोबत येतेय, तेव्हा डॉक्टरांना मीच विचारणार आहे. आणि हो, माझ्या हिपॅटायटिस बीच्या लसीचा तिसरा डोस झाला.

तुमची,
लेक