पुतळ्याचा फोटो लांबून काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सीमाभागात कुठल्या पुतळ्याला काळे फासले की सगळ्यात आधी फिरतो तो चेहऱ्याचा फोटो. मोबाईल तोंडाशी नेऊन काढलेला, आजूबाजूचे काहीच न दिसणारा. डिसेंबर 2021 मध्ये बेंगळुरूत शिवरायांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली, पाठोपाठ बेळगावच्या अनगोळात इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची नासधूस झाली. तेव्हा शहर किती तापले ते वेगळे सांगायला नको. जवळून काढलेला फोटो माथी भडकवायला पुरतो, पण पुतळा कुठला, केव्हाचा, नुकसान किती, यातले काहीच सांगत नाही. वर्षाने तोच 'आजचा' म्हणून फिरला तरी कळत नाही. म्हणून हे पत्र, बातमीदारांसाठी आणि गावोगावच्या मोबाईलवाल्यांसाठीही.

चौथऱ्यासह उंची 25 फूट असेल तर 50 ते 75 फूट मागे जावे. मोबाईलची मुख्य लेन्स रुंद कोनाची असते. पायथ्याशी उभे राहून वर धरली की चौथरा अवाढव्य आणि डोके लिंबाएवढे येते. मागे जाऊन दुपटीचा झूम घ्यावा, कॅमेऱ्यावर 70 ते 100 मिलिमीटर. चौकटीत कोनशिला, दुकानांच्या पाट्या, दिव्याचा खांब, असलाच तर सीसीटीव्हीही यायला हवा. मग चारही बाजू घ्याव्यात. जवळचा फोटो सगळ्यात शेवटी, शेजारी सहा इंची पट्टी धरून. कोनशिलेची अक्षरे भर दुपारी उठत नाहीत. त्यांना सकाळ-संध्याकाळचे तिरपे ऊन लागते, नाहीतर बाजूने टॉर्च धरावा. काळपट ब्राँझवरची वाळलेली शाई समोरून फ्लॅश मारला की गायबच होते. पोलरायझर फिल्टर ऑईलपेंट दिलेल्या सिमेंटच्या किंवा फायबरच्या पुतळ्यावरची चमक कमी करतो, उघड्या धातूवर त्याचा फारसा उपयोग नाही. रात्री एलईडी दिव्याखाली फोटोत पट्टे उमटतात. आपली वीज 50 हर्ट्झची, तेव्हा शटर 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवावे.

व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातली तारीख-वेळेची नोंद गळते. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा आणि मूळ फाइलला हात लावू नये. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या शिल्पाचा फोटो काढून छापायला 1957 च्या कॉपीराइट कायद्याचे कलम 52 मुभा देते. पोलिसांनी बांधलेली दोरी ही वेगळी बाब, ती ओलांडू नये.

लांबच्या चौकटीत काय मावते ते 9 एप्रिल 2015 च्या केपटाऊनमधल्या फोटोत दिसते. विद्यापीठातला ब्रिटिश साम्राज्यवादी सेसिल ऱ्होड्सचा पुतळा क्रेनने उचलला जात होता आणि सेथेंबिले म्सेझाने ही कलाकार पंख लावलेले हात उंचावून स्वतःच्या छोट्या चौथऱ्यावर उभी होती. क्रेन, पुतळा, ती आणि मोबाईल उंचावलेली गर्दी, सगळे एकाच चौकटीत. नुसत्या ऱ्होड्सच्या चेहऱ्यातून यातले काय कळले असते? आपल्याकडे मणगुत्तीत ऑगस्ट 2020 मध्ये शिवरायांचा पुतळा रातोरात हलवला गेला. अशा वेळी रिकाम्या चौथऱ्याचाही फोटो त्याच जागेवरून, त्याच लेन्सने काढून ठेवावा.

पुतळा धुण्याची घाई आम्हाला समजते, बंदोबस्ताचा प्रश्न असतो. पण थिनर ओतला की पातळ झालेली शाई सिमेंटच्या छिद्रांत आणखी खोल जाते आणि ब्राँझवरचा मेणाचा थर निघून जातो. आधी दहा मिनिटे चारही बाजूंच्या फोटोंना द्यावीत. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये 7 जून 2020 ला गुलामांचा व्यापारी एडवर्ड कोल्स्टन याचा 1895 मधला पुतळा पाडून बंदरात लोटला. तो चारच दिवसांत वर काढला, गाळ धुतला, पण आंदोलकांनी मारलेला स्प्रे रंग मुद्दाम जपला. पुढच्या वर्षी तिथल्या एम शेड संग्रहालयात तो तसाच रंगासकट आडवा मांडला. आता तो रंगच पुरावा आहे.

मात्र तिकडचे इकडे चिकटवू नये. कोल्स्टनने माणसे विकली. रायण्णा आपल्याच खानापूर तालुक्यात नंदगडला 1831 मध्ये इंग्रजांच्या हातून फासावर गेले. त्यांच्या किंवा शिवरायांच्या पुतळ्यावर रंग टाकण्याला 'निषेध-कला' म्हणणे हा शुद्ध कांगावा आहे.

काही न फोडता निषेध करायचा तर प्रकाश आहे. अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये गुलामगिरीच्या बाजूने लढलेला सेनापती रॉबर्ट ली याच्या पुतळ्यावर 2020 च्या उन्हाळ्यात रात्री पोलिसांच्या हातून मारला गेलेला जॉर्ज फ्लॉइड आणि गुलामगिरीविरुद्ध लढलेले हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस यांचे चेहरे प्रोजेक्टरने उमटवले गेले. 1890 चा तो पुतळा सप्टेंबर 2021 मध्ये उतरवला. आपल्याकडे हा प्रयोग पुतळ्यावर नको, मालकाच्या संमतीने एखाद्या पांढऱ्या भिंतीवर करावा. गणित सोपे आहे. 1.5 थ्रोचा (म्हणजे अंतर चित्राच्या रुंदीच्या दीडपट) प्रोजेक्टर 60 फुटांवरून 40 फूट रुंद चित्र टाकतो. 5000 ल्युमेनचा प्रकाश तेवढ्या जागेत पसरला की जेमतेम 60 लक्स उरतात आणि रस्त्याच्या दिव्यांपुढे चित्र फिके पडते. तोच 30 फुटांवर आणा, चित्र 20 फुटी होते आणि उजेड चौपट. काळ्या धातूवर तेही वाया जाते. चित्राची पार्श्वभूमी काळी ठेवावी, म्हणजे शेजारच्याच्या खिडकीत उजेड जात नाही. साधा जनरेटर व्होल्टेज वरखाली करतो आणि दिवा उडतो, इन्व्हर्टर जनरेटर घ्यावा. फोटो ट्रायपॉडवर, शटर 1/30 पेक्षा संथ, नाहीतर डीएलपी (फिरत्या रंगचक्राच्या) प्रोजेक्टरचे रंगीत पट्टे येतात.

शेवटचा मुद्दा छपाईचा, आणि तो थेट आपल्या हातातला आहे. कोल्स्टनच्या रिकाम्या चौथऱ्यावर जुलै 2020 मध्ये आंदोलक जेन रीड हिचा काळ्या राळेचा पुतळा आणून बसवला होता. दुसऱ्याच दिवशी पालिकेने तो काढला. असे काळे शिल्प पांढऱ्या आकाशासमोर आले की कॅमेऱ्याचे मीटर फसते आणि नुसती सावली उरते. खानापूरच्या आफ्रिकी वंशाच्या सिद्दी बांधवांचे फोटो असेच छापले जातात. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतल्या सिद्दींना अनुसूचित जमातीत घेणारा कायदा 2020 मध्ये झाला, पण छापील चेहऱ्याला अजून नाक-डोळे नाहीत. ही नकळत होणारी वर्णभेदाचीच तऱ्हा आहे आणि ती टाळता येते. मीटर चेहऱ्यावर धरावे किंवा एक ते दीड स्टॉप वाढवावा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). बाजूने थर्माकोलचा पांढरा पत्रा धरला की गालाला, कपाळाला उठाव येतो. वृत्तपत्री कागद शाई पितो, 50 टक्क्यांचा छपाईचा ठिपका 75 च्या पुढे फुगतो. म्हणून पान लावणाऱ्याने चेहऱ्याच्या गडद भागात काळी शाई 60 टक्क्यांच्या पुढे जाऊ देऊ नये. आणि फोटोखाली 'सिद्दी महिला' एवढेच न लिहिता तिला विचारून तिचे नाव, गाव आणि काम छापावे.

आपले,
छायाचित्रण शिकवणारे दोन वाचक
शहापूर, बेळगाव