ताण आला की नशेची ओढ वाढते

संपादक महोदय,

व्यसन म्हणजे मनाचा कमकुवतपणा असं लोक सर्रास बोलतात, पण लॅबमधले उंदीर वेगळंच सांगतात. दोन खोल्यांचा डबा असतो, एकीत कोकेन देतात, दुसरीत नुसतं सलाईन, आणि मग उंदीर मोकळा सोडून कुठे जास्त रमतो ते बघायचं. आधी जबरदस्तीने पोहायला लावून ताण दिला असेल तर कोकेनवाल्या खोलीची ओढ चक्क वाढते! यामागे असतं मेंदूतलं डायनॉर्फिन नावाचं रसायन, ते पेशींवरच्या ज्या ‘कप्पा’ (ग्रीक अक्षर) ओपिऑइड रिसेप्टरवर, म्हणजे त्याचा संदेश घेणाऱ्या रेणूवर, काम करतं तो औषधाने ब्लॉक केला की ताणामुळे वाढलेली ओढ दिसत नाही. उंदीर म्हणजे माणूस नाही हे मान्य, तरी व्यसनमुक्तीवर लिहिताना तुम्ही लोकांनी ताणाबद्दलही जरा लिहा की.

- एक वाचक