दिएंगच्या पठारावरून आई-बाबांना पत्र

तीर्थरूप आई आणि बाबा यांना साष्टांग नमस्कार.

गेल्या वेळी फोनवर बाबांनी विचारले होते की, तू ज्या डोंगरावरच्या गावात कामाला जातेस तिथली माणसे जगतात कशावर. आणि आईने विचारले होते की, तिथे देव कोणते. दोन्ही प्रश्नांची उत्तरे फोनवर दोन वाक्यांत देण्यासारखी नव्हती. शिवाय हे गाव तुम्हाला नीट कळावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे, कारण आपल्या सातगाव पठाराचे आणि या पठाराचे दैव एकाच पिकाला, बटाट्याला, बांधलेले आहे. म्हणून सवडीने लिहीत आहे.

गावाचे नाव सेम्बुंगान. इंडोनेशियातील जावा बेटाच्या मध्यभागी वोनोसोबो नावाचा जिल्हा आहे. त्याच नावाच्या शहरातून निघालेला रस्ता तंबाखूची आणि भाज्यांची शेते ओलांडत सुमारे २६ किलोमीटर चढतो आणि दिएंगच्या पठारावर येतो. हे पठार जुन्या ज्वालामुखीच्या मुखांनी बनलेले असून समुद्रसपाटीपासून सुमारे २००० मीटर उंचीवर आहे. सेम्बुंगान त्याच्याही वर, जवळजवळ २३०० मीटरवर वसले आहे आणि जावातील सर्वांत उंचावरचे गाव म्हणून ते ओळखले जाते. आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा साडेसहाशे मीटर वर माणसे बारा महिने नांदतात, असे म्हटले म्हणजे तुम्हाला कल्पना येईल. विषुववृत्त जवळ असूनही इथे हाडे गोठवणारी थंडी पडते. जून ते ऑगस्ट हे इथल्या कोरड्या हंगामातले महिने. त्या दिवसांत काही पहाटे पारा शून्याखाली उतरतो, पिकावर पांढरे हिम जमते आणि ऊन लागताच पाने भाजल्यासारखी काळी पडतात. लोक त्याला विषारी दव म्हणतात. बाहेरून आलेले पर्यटक या हिमाचे हौसेने फोटो काढतात, पण ज्याचे शेत त्याखाली असते त्याच्या घरी त्या दिवशी कोणाच्या तोंडून शब्द निघत नाही.

गावाच्या पायथ्याशी चेबोंग नावाचे तळे आहे आणि पाठीशी सिकुनिर नावाची टेकडी. त्या टेकडीवरून समोरच्या सिंदोरो ज्वालामुखीशेजारी होणारा सूर्योदय पाहायला शनिवार-रविवारी शेकडो गाड्या येतात, आणि त्यामुळे कितीतरी घरांत एखादी खोली पाहुण्यांना भाड्याने दिली जाते. घरे एकमेकींना खेटून आहेत, कारण सपाट जागा थोडी आणि ती शेतीला हवी. पुरुष जाकिटावरून लुंगीसारखे सारोंग खांद्याभोवती गुंडाळून फिरतात. पाहुण्याला बैठकीत न बसवता थेट स्वयंपाकघरात, शेगडीजवळ नेतात आणि गोड चहा, तळलेला बटाटा, पिठात घोळवून तळलेले टेम्पे पुढे ठेवतात. टेम्पे म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी. आई, तुला ती नक्की आवडेल.

आता देवांविषयी. गाव मुसलमान आहे, पाच वेळा अजान होते आणि घरातले वडीलधारे हजला जाऊन आल्याचा सगळ्यांना अभिमान असतो. तरीही गावापासून काही किलोमीटरवर, पठाराच्या सपाट तळात, सातव्या-आठव्या शतकांपासूनची शिवमंदिरे उभी आहेत. जावातील सर्वांत जुन्या दगडी मंदिरांत त्यांची गणना होते. तिथे शके ७३१ चा, म्हणजे इसवी सन ८०९ चा, जुन्या जावानी भाषेतला शिलालेख सापडला आहे. आपल्या पंचांगातला शक इतक्या दूरच्या दगडावर कोरलेला आहे हे समजले, तेव्हा मला फार समाधान वाटले. १८१४ मध्ये युरोपीय लोकांनी ही मंदिरे प्रथम पाहिली तेव्हा ती पाण्यात बुडालेली होती. पुढे १८५६ पासून पाणी काढून ती मोकळी करण्यात आली. आज आठ मंदिरे शिल्लक आहेत आणि त्यांची नावे लोकांनी मागाहून महाभारतावरून ठेवली आहेत: अर्जुन, सुभद्रा, शिखंडी, भीम, घटोत्कच, द्वारावती, पुंतदेव आणि सेमार. पुंतदेव म्हणजे युधिष्ठिर. शिखंडी इथे स्त्री आहे आणि अर्जुनाची पत्नी आहे. तिच्या मंदिराच्या भिंतींवर ब्रह्मा, विष्णू आणि शिव कोरलेले आहेत. सेमार मात्र आपल्या महाभारतात सापडणार नाही. तो जावाच्या बाहुल्यांच्या खेळातला पांडवांचा म्हातारा, स्थूल सेवक. पण मुळात तो देव आहे, आणि राजे चुकले की त्यांना समजावणारा तोच. आई, तू ज्या आस्थेने पांडवप्रताप ऐकतेस, त्याच आस्थेने इथल्या आजीबाई सेमारविषयी बोलतात, आणि त्यात त्यांना आपल्या धर्माशी काही विसंगत वाटत नाही.

इथली आणखी एक रीत तुला सांगायलाच हवी. पठारावरच्या काही मुलांच्या केसांत ताप येऊन गेल्यावर आपोआप जटा होतात. आपल्याकडे जट आली की देवीचे बोलावणे समजून मुलींची आयुष्ये होरपळली. इथे जटा असलेले मूल हे घराचे भाग्य मानतात. त्याने स्वतःहून सांगितल्याशिवाय केस कापत नाहीत, आणि कापण्याच्या वेळी ते जे मागेल ते, मग ती सायकल असो की बकरी, आईवडिलांना द्यावेच लागते. त्यानंतर विधिपूर्वक जट कापतात, ती वाहत्या पाण्यात किंवा तळ्यात सोडतात आणि मूल इतरांसारखे वाढू लागते. २०१० पासून भरणाऱ्या दिएंगच्या उत्सवात हा विधी सगळ्यांसमोर होतो. ज्या जटांसाठी आपल्याकडे अजून प्रबोधन करावे लागते त्यांच्यातून सुटण्याची इतकी मायेची वाट या लोकांनी काढली, याचे मला मोल वाटते.

बाबा, आता तुमचा प्रश्न. माणसे बटाट्यावर जगतात, आणि जवळजवळ बटाट्यावरच. पूर्वी इथे मका, तंबाखू आणि कोबी होत असे, आणि रोजच्या जेवणात तांदळाऐवजी मक्याचा भात असे. १९८० च्या दशकात पश्चिम जावातून बटाट्याचे तंत्र आणि ग्रानोला नावाची जर्मन जात इथे आली आणि थोड्या वर्षांत पठाराचे रूप पालटले. पीक साडेतीन-चार महिन्यांत निघते आणि वर्षाला दोन, कुठे तीन वेळाही घेता येते. मक्यावर कसेबसे भागवणाऱ्या घरांनी पक्की घरे बांधली, मुले शहरात शिकायला पाठवली, मोटारसायकली घेतल्या, हज केली. हे सारे बटाट्याने दिले आहे, आणि जे लोक दुरून येऊन इथल्या शेतकऱ्याला नुसता दोष देतात त्यांनी त्याच्या आजोबांचे ताट आठवावे, असे मला नेहमी वाटते.

परंतु त्याची किंमतही मोठी आहे. १९९८ मध्ये राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांची राजवट कोसळली आणि त्या गोंधळाच्या काळात उतारांवरचे सरकारी जंगल मोठ्या प्रमाणावर तोडले गेले. जिथे झाड होते तिथे वरंबे आले, आणि ते पार टेकडीच्या माथ्यापर्यंत चढले. तुम्ही इथे आलात तर पहिल्यांदा एकच गोष्ट तुमच्या डोळ्यांत सलेल: सरी-वरंबे उताराला आडवे नाहीत, उताराच्या दिशेने सरळ खाली उतरणारे आहेत. पायऱ्या पाडलेल्या शेतांतही बहुधा तसेच. हे अज्ञानातून होत नाही. इथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, आणि सरीत पाणी तुंबले की बटाटा सडतो व करपा शेत खाऊन टाकतो. म्हणून शेतकरी पाण्याला सर्वांत जवळची वाट करून देतो. पाणी जाते, पण जाताना सुपीक काळी माती घेऊन जाते. मग माती हलकी झाली म्हणून खालच्या मुलखातून गोण्यांनी कोंबडखत आणायचे, त्यावर प्लॅस्टिकचे आच्छादन टाकायचे, औषधाच्या फवारण्या वाढवायच्या, आणि तरीही उत्पादन पूर्वीइतके येत नाही. बटाट्याच्या मुळांवर जगणाऱ्या सूत्रकृमीचाही शिरकाव झाला आहे, त्यामुळे घरचे बेणे राखणेही आता धोक्याचे ठरते.

वाहून गेलेली माती कुठे जाते, तेही पाहण्यासारखे आहे. सेरायू नदीचा उगम याच पठारावर आहे. भीमाने ही नदी वाहती केली, अशी कथा सांगतात आणि उगमाच्या झऱ्यालाही त्याचेच नाव आहे. नदी इथून निघून शेजारच्या बांजारनगारा जिल्ह्यातून वाहते आणि पुढे चिलाचापजवळ हिंदी महासागराला मिळते. वाटेत १९८० च्या दशकाच्या अखेरीस म्रिचा इथे मोठे धरण बांधले गेले. त्यावर १८० मेगावॉट वीज तयार होते आणि खालच्या भातशेतीला पाणी मिळते. त्या जलाशयाचा अर्ध्याहून अधिक भाग आज गाळाने भरला आहे. म्हणजे सेम्बुंगानच्या शेतकऱ्याने पावसाळ्यात सोडलेले पाणी खालच्या गावांच्या विजेवर आणि भातावर परिणाम करते, पण वरच्या माणसाला खालचा गाळ दिसत नाही आणि खालच्याला वरच्याचे कर्ज दिसत नाही. माती वाचवण्याच्या माझ्या कामाची खरी अडचण हीच आहे.

इथली जमीन आणखी एका अर्थाने धोक्याची आहे. तुम्ही काळजी कराल म्हणून हे लिहू की नको असा विचार केला, पण लपवून ठेवणे बरे नाही. पठाराखाली ज्वालामुखी अजून जागा आहे. ठिकठिकाणी उकळत्या चिखलाची कुंडे आहेत, आणि बटाट्याच्या शेतांमधून जाड नळ जमिनीतली वाफ ६० मेगावॉटच्या वीजकेंद्राकडे नेतात. १६ एप्रिल १९५५ च्या रात्री पावसात डोंगर सरकून लेगेतांग नावाचे गाव गाडले गेले आणि सुमारे साडेतीनशे माणसे दगावली. २० फेब्रुवारी १९७९ रोजी पहाटे सिनिला विवराचा स्फोट झाला. कपुचुकान गावचे लोक घाबरून बातूर गावाच्या दिशेने पळाले आणि वाटेत जमिनीच्या भेगांतून निघालेल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सापडले. हा वायू हवेपेक्षा जड असल्याने खोलगट जागी साचून राहतो; त्याला रंग नाही, वास नाही. सुमारे दीडशे माणसे त्या रस्त्यावर गुदमरून गेली. ही ठिकाणे सेम्बुंगानपासून बरीच दूर, पठाराच्या पश्चिम अंगाला आहेत. तिथे आता सरकारी निरीक्षण केंद्र आहे आणि वायू वाढला की धोक्याची सूचना दिली जाते. तरीसुद्धा पीक काढणीला आले असेल तर काही शेतकरी सूचना मिळूनही शेतात जातात. त्यांना वेडे म्हणणे सोपे आहे, पण सगळे भांडवल मातीत घातलेल्या माणसाची ती घालमेल तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

गावचा कारभार आपल्याला ओळखीचा वाटेल असाच आहे. निवडून आलेला गावप्रमुख आहे, ग्रामसभा आहे, आणि २०१४ च्या ग्रामकायद्यानंतर २०१५ पासून जकार्ताहून थेट गावाला निधी येतो. रस्ते, गटारे, पाण्याचे नळ यांवर तो बराचसा खर्च होतो. बायकांची भिशी दर महिन्याला असते आणि गटार उपसण्यासारखी कामे घरटी एक माणूस येऊन विनामोबदला करतो. सभेत कोणी आवाज चढवत नाही. मतभेद असला तरी सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बोलणे चालू राहते. यात वेळ फार जातो, पण एकदा ठरले की शेजारी शेजाऱ्याला ते पाळायला लावतो. म्हणून वरंबे आडवे करायचे असतील तर ते एका शेतकऱ्याला पटवून होणार नाही. त्याने आडवे केले आणि वरच्याने सरळ ठेवले तर वरचे सारे पाणी याच्या शेतात तुंबेल. निदान एका उतारावरच्या सगळ्यांनी मिळूनच ते करावे लागेल.

सध्या आम्ही दोन गोष्टींवर भर देत आहोत. पहिली म्हणजे पायरीच्या कडेला कारिकाची झाडे लावणे. कारिका ही डोंगरी पपई. मूळची दक्षिण अमेरिकेतली, पण थंडीमुळे इथे छान रुजली आहे. तिची फळे पाकात घालून बरण्यांत भरतात आणि वोनोसोबोच्या प्रत्येक दुकानात विकतात. मुळे कड धरून ठेवतात आणि घरातल्या बाईच्या हाती स्वतंत्र पैसा येतो. दुसरी गोष्ट म्हणजे वरंबे पूर्ण आडवे न करता थोडा तिरका उतार देऊन, टोकाला गवत लावलेल्या चरात पाणी सोडणे. पहिली गोष्ट लोकांना पटली आहे. दुसरीबद्दल ते साशंक आहेत, आणि त्यांची शंका रास्त आहे, कारण सडलेल्या बटाट्याची भरपाई कोणी देत नाही.

यासाठीच बाबा, तुमची मदत हवी आहे. वरच्या अंगाच्या चढाच्या वावरात तुम्ही आणि काकांनी आडव्या सऱ्या धरून बांधावर गवत लावले होते. जोराचा पाऊस लागून राहिला त्या वर्षी तिथे किती सड झाली, सरीला किती ढाळ दिला होता, पाणी बांधाच्या कोणत्या टोकाला काढले होते आणि काढलेला बटाटा अरणीत झाकून साठवल्यावर किती टिकला, हे सगळे आठवेल तसे सांगा आणि आईला लिहून घ्यायला सांगा. आपल्याकडचा पाऊस इथल्यापेक्षा पुष्कळ कमी आहे हे मी इथल्या शेतकऱ्यांना आधीच सांगेन. पण हाताने बटाटा करणाऱ्या माणसाचा अनुभव ते माझ्या तक्त्यांपेक्षा लक्षपूर्वक ऐकतील. पुढची सभा लागवडीच्या आधी, ऑक्टोबरचा पाऊस सुरू होण्यापूर्वी आहे. तोवर उत्तर मिळाले तर फार उपयोग होईल.

आईने गुडघ्याचे औषध बंद करू नये. बाबांनी फवारणीच्या वेळी तोंडाला फडके बांधावे.

तुमची,
लेक