बाय, त्या दिवशी मी फोनवर हसलो ते चुकलं

बाय,

हे फोनवर बोलायला मला जमणार नाही, तू रडलीस की मी काहीतरी भलतंच बोलून बसतो, म्हणून टाइप करतोय, एका बोटाने. सकाळपासून दोनदा लाइट गेली, पाऊस तर एकादशीपासून थांबलेलाच नाही, त्यामुळे आज पाठवला तर पाठवला नाहीतर उद्या.

गुरुवारी तू सांगितलंस की सोनोग्राफीत बाळ उलटं आहे, डोकं वर आणि बूड खाली, आणि असंच राहिलं तर सिझर करावं लागेल असं डॉक्टर म्हणाल्या. आणि मी काय केलं तर हसलो. "अरे वा, म्हणजे नातवंड पायाळू! आजोबावर गेलं!" असं स्पीकरवर ओरडलो. तुझी आई भाकरी थापत होती ती तशीच थांबली, आणि तू "ठेवते बाबा" म्हणून फोन ठेवलास. मला वाटलं रेंज गेली. रेंज नव्हती गेली हे मला रात्री कळलं.

तुला माहीतच आहे पायाळूपणाचं माझं, पायाकडून जन्मलो ते. लहानपणापासून मी त्या जोरावर मिरवलोय. कुणाची कंबर धरली, उसण भरली की आमच्या दारात येऊन पालथं पडायचं आणि मी पाठीवर लाथ मारायची, हलकीच, तीनदा. असगोलीच्या किनाऱ्यावरचे होड्या ओढणारे यायचे, आगरात माडावरून उतरताना लचकलेले यायचे, पुढे एसटीत लागलो तर डेपोत सुद्धा ड्रायव्हर लोक ड्युटीवर जायच्या आधी "जरा लाथ मार रे" करायचे. विहीर खणायची असली की माझ्या तळहातावर नारळ ठेवून मला शेतातून फिरवायचे, आणि पाणी लागलं की नाव माझं, आता त्या पाणथळ जागेत कुठेही खणलं असतं तरी लागलंच असतं म्हणा. एकदा घाटावरची दोन माणसं आली होती गुप्तधन शोधायला पायाळू पोर पाहिजे म्हणून, त्यांना आमच्या बाबांनी दांडा घेऊन पार रस्त्यापर्यंत पळवलं. आणि वीज चमकली की आजी मला ओढून घरात घ्यायची, पायाळूवर वीज पडते म्हणून. म्हणजे शाळेत अभ्यासात शेवटून तिसरा असलो तरी गावात मी कोणीतरी होतो.

हे सगळं मी तुला शंभरदा सांगितलंय. जे नाही सांगितलं ते मलाच माहीत नव्हतं.

गुरुवारी रात्री जेवताना तुझी आई माझ्याशी बोलेना. मग हात धुवून आली आणि म्हणाली, तुम्हाला तुमच्या आईने कधी सांगितलं नाही, मला सांगितलं होतं, बायच्या वेळी मला सातवा होता तेव्हा. १९६२ साल, श्रावणातला पाऊस, रस्ता नाही, गाडी नाही, घरात सुईण. दोन रात्री आई कळा देत होती. माझे पाय आले, अंग आलं, आणि डोकं अडकलं. सुईणीने काय काय केलं ते आईने तुझ्या आईला सगळं सांगितलं होतं, ते मी इथे लिहीत नाही, तुझ्या आईने मला सांगितलं तेच मला पुरलं. मी बाहेर आलो तेव्हा काळानिळा होतो, रडलो नाही, मेला म्हणून सुपात काढून ठेवलं होतं आणि सगळे आईकडे बघत होते कारण तिचं रक्त थांबत नव्हतं. सुपात मी आपणहून रडलो. आई पुढे दीड महिना तापात पडून होती. माझ्या पाठी तिला मूल झालं नाही ते त्याचमुळे. आणि मी इतकी वर्षं लोकांना सांगत फिरलो की आमच्या आईने एकच काढला पण पायाळू काढला!

बाय, ६३ वर्षांचा होत आलो तरी मला हे कळलं नव्हतं. आई गेली त्याला नऊ वर्षं झाली. माझ्यासमोर कोणी पाठ धरून आलं की ती उठून परसात जायची, मला वाटायचं तिला लोकांची गर्दी आवडत नाही.

तर आता मी काय केलं ते ऐक. शनिवारी तू आईला पाठवलेले रिपोर्टचे फोटो घेऊन मी चिपळूणला गेलो, तुझ्या चुलत वहिनीची डिलिव्हरी जिच्याकडे झाली त्या लेडी डॉक्टरकडे. बाहेर बाकावर पंधरा बायका आणि मी एकटा बाप्या, नर्सने दोनदा विचारलं पेशंट कुठाय. पण बाई चांगली, पंधरा-वीस मिनिटं दिली, आणि मी ड्रायव्हर आहे म्हटल्यावर तसंच समजावलं. डोकं हा सगळ्यात मोठा भाग, तो आधी निघाला की वाट मोकळी झाली, मागचं सगळं आपोआप येतं. इथे उलटं, अंग बारीक म्हणून पिशवीचं तोंड पुरतं उघडायच्या आधीच निघून येतं आणि मोठा भाग शेवटी राहतो, आणि तोपर्यंत नाळ मध्ये दाबली जात असते म्हणजे हवा बंद. घाटात वळणावर गाडीचं तोंड निघालं म्हणजे गाडी निघाली असं नसतं, मागचं कठड्याला लागतं, ते मला लगेच कळलं. आणि पाय आधी येणारं असेल तर पाणी गेल्याबरोबर नाळच खाली घसरू शकते, ते सगळ्यात वाईट. तुझं तसं नाही म्हणाल्या, तुझ्या बाळाचे पाय सरळ वर डोक्याकडे आहेत, ब्रीच म्हणजे अशा उलट्या बाळांतली जास्त करून अशीच असतात.

दुसरं म्हणजे अजून वेळ आहे. अठ्ठाविसाव्या आठवड्यात चार-पाचातलं एक बाळ असंच असतं, दिवस भरेपर्यंत शंभरात तीन-चारच राहतात, बाकीची आपली आपण फिरतात. तुला आज ३५ पूर्ण. नाही फिरलं तर साधारण ३६-३७ च्या सुमाराला डॉक्टर बाहेरून पोटावर हाताने बाळ फिरवून बघतात, पिशवी सैल पडायचं इंजेक्शन देऊन, ठोके मशीनवर बघत, आणि शेजारी ऑपरेशनची तयारी ठेवून, कारण क्वचित लगेच सिझर करायची वेळ येते. निम्म्याअर्ध्या वेळा जमतं, पहिलटकरणीला त्याहून थोडं कमी. पाणी कमी असेल किंवा वार खाली असेल तर करत नाहीत. तुझ्या डॉक्टर हे करतात का ते विचार, सगळे करत नाहीत. करत नसतील तर कोण करतं तेही त्यांनाच विचार. दुखतं म्हणे, खोटं कशाला सांगू.

पण हे हॉस्पिटलातलं हं! शेजारची काकू तुझ्या आईला सांगून गेलीय की अमुक बाई तेल लावून पोट फिरवून देते, तिच्या हाताला गुण आहे. गुण माझ्या लाथेलाही होता. कोणालाही पोटाला हात लावू द्यायचा नाही.

आणि नाहीच फिरलं तर सिझर. मी त्यांना सरळ विचारलं, डॉक्टर लोक पैशासाठी कापतात असं सगळे म्हणतात, ते काय? त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या बऱ्याच ठिकाणी गरज नसताना होतात हे खरं आहे, पण ब्रीचचं तसं नाही. २००० साली २६ देशांतल्या दोन हजारांवर बायकांवर मोठा अभ्यास झाला होता, सगळ्यांची बाळं अशीच उलटी, निम्म्यांना ठरवून सिझर आणि निम्म्यांना नॉर्मलची वाट. नॉर्मलवाल्यांत शंभरातल्या पाच बाळांना मोठा त्रास झाला किंवा ती गेली, सिझरवाल्यांत दीडच्या आसपास. पुढे त्यावर वाद झाले, नीट निवडलेल्या केसमध्ये आणि सराव असलेल्या हाताखाली नॉर्मल करायला हरकत नाही असंही आता मानतात, पण तो सरावच राहिला नाही ना, नवीन डॉक्टरांना ब्रीच नॉर्मल बघायलाच मिळत नाही. एसटीत नाही का, पॉवर स्टिअरिंग आल्यावर जुनी गाडी घाटातून काढणारे हात संपले, तसं.

म्हणजे पाच बाजूला ठेव, शंभरातली पंच्याण्णव नीट निघतात हेही खरं. तू हिशोबाची हुशार, तू म्हणशील बाबा मग चान्स घेऊ. डॉक्टरांशी बोलून तुम्ही दोघं काय ते ठरवा, मला त्यातलं काय कळतं. पण मी त्या पाचातला आहे बाय. सुपातला.

चुलत आत्या तुला काय म्हणाली तेही कळलं मला. "आमच्या वेळी कुठे होतं सिझर, आम्ही नाही का काढली पोरं." आत्याला मी फोन केला होता. तिला म्हटलं तू काढलीस ती सगळी डोक्याकडून आली, त्यात तुझं कर्तृत्व किती आणि नशीब किती ते मोज आधी. आता आठ दिवस बोलणार नाही माझ्याशी, बरंच आहे.

आता माहेरपणाचं. पहिलं बाळंतपण माहेरी, तुझ्या आईने गोधड्या शिवून ठेवल्यात, माडीवरची खोली सारवल्यासारखी पुसून ठेवलीय, आणि मी म्हणतोय येऊ नकोस. आईला वाईट वाटलं, मलाही वाटतंय. पण इथून चिपळूण ४५ किलोमीटर, मी तो रस्ता २८ वर्षं चालवलाय, रात्री पावसात एक झाड आडवं पडलं की पुढचं सगळं देवाच्या हवाली. २०२१ च्या २२ जुलैला वाशिष्ठी नदी चिपळुणात घुसली तेव्हा चिपळूण डेपोतल्या गाड्या बुडाल्या होत्या आणि डेपो मॅनेजर कॅश घेऊन बसच्या टपावर बसले होते, तुला फोटो दाखवले होते ना. चिपळूणला डॉक्टर आहेत, चांगले आहेत, पण रात्री दोनला तुझं पाणी गेलं तर मी तुला तिथपर्यंत कसा पोचवू हा विचार करून मला झोप येत नाही. पुण्यात तुझ्या घरापासून हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे. तिथेच राहा. माहेरच तिकडे येईल. आणि मध्येच पाणी गेलं तर कळांची वाट बघायची नाही, लगेच निघायचं, हे जावईबुवांना नीट सांग, ते अंघोळ करून निघतो म्हणणाऱ्यातले आहेत.

तुझ्या सासूबाईंचा काल फोन आला होता, गोड बोलल्या. सिझरच करायचं तर मुहूर्त बघून करू, गुरुजींनी श्रावणातला पहिला सोमवार काढलाय, २८ जुलै. मी बोटं मोजली, ३७ आठवडे आणि सहा दिवस. डॉक्टर म्हणाल्या होत्या की ठरवून करायचं तर ३९ च्या आत शक्यतो नाही, बाळाची फुफ्फुसं तयार व्हायला ते दिवस लागतात, नाहीतर धाप लागते आणि काचेत ठेवावं लागतं. मी सासूबाईंना म्हटलं दुसऱ्या दिवशी नागपंचमी, त्या दिवशी भाजीसुद्धा चिरत नाहीत, आदल्या दिवशीही कशाला विषाची परीक्षा! त्यांना पटलं बहुतेक. तारीख डॉक्टर देतील ती, ११ ऑगस्टला पण सोमवारच आहे आणि श्रावणच आहे, तेवढं त्यांना सांगून बघ.

ऑपरेशनची भीती वाटते म्हणालीस. कमरेत इंजेक्शन, तू जागी असतेस, दुखत नाही पण ओढल्यासारखं कळतं, बाळ पहिल्या पाच-दहा मिनिटांत बाहेर आणि टाके घालायलाच जास्त वेळ. दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात तेव्हा मात्र ब्रह्मांड आठवतं असं वहिनी म्हणाली, खोकताना उशी पोटाशी धरायची म्हणाली. पुढच्या वेळी नॉर्मल होऊच शकत नाही असंही नाही. आणि एक लिहून ठेव, सिझर होवो की नॉर्मल, ब्रीच बाळाचे खुबे तपासून घ्यायचे, दीड महिन्याचं झालं की खुब्याची सोनोग्राफी, कारण अशा बाळांचा खुबा कधीकधी नीट बसलेला नसतो आणि लवकर कळलं तर नुसत्या पट्ट्याने बरा होतो. हे मी विचारलं नव्हतं, त्या डॉक्टरांनीच सांगितलं.

वाडीत सध्या वाद चालू आहे की सिझरने बूड आधी काढलं तर ते पायाळू धरायचं की नाही. मी कोणाच्या बाजूने बोललो नाही. काल संध्याकाळी मागच्या घरातला कंबर धरून आला होता, मासेमारी बंद म्हणून होडी शाकारताना उसण भरली. नेहमीसारखा ओटीवर पालथा पडला. तुझी आई दारात उभी होती. मी त्याला मलम दिलं आणि शेक घे म्हटलं, त्याला वाटलं माझंच काहीतरी दुखतंय.

२० तारखेच्या पुणे गाडीची दोन तिकिटं काढलीत, सीट पुढची मिळाली. आळीव, डिंक, कुळथाचं पीठ, तूप, बाळंतशोपा आणि गोधड्या एवढं आणतोय, फणसपोळी आईला नको म्हटलं तरी ती ठेवणारच. तुझ्या मिक्सरचं भांडं मोठं आहे का ते कळव, नाहीतर आपलं घेऊन येतो. आणि लिफ्ट चालू झाली का सोसायटीची?

बाबा