मुदपाकखान्यासाठी आभार

प्रिय काका,

नाव लिहू नकोस असं बजावलंत, म्हणून नुसतं काका. वाचाल तेव्हा तुम्हाला कळेलच.

बाबा गेल्यापासून त्यांची हार्ड डिस्क आमच्याकडे साडीच्या खोक्यात पडून होती. तिच्यावर त्यांची बीबीएस, म्हणजे लोक मोडेमवरून फोन लावून जिथे पत्रं टाकत आणि वाचत, तो कॉम्प्युटरवरचा फलक. १९९३ ते ९६, मुलुंडच्या घरातून, रात्री अकरानंतर, घरातल्या एकुलत्या एक फोनवर चाललेली त्यांची दुसरी, बिनपगारी नोकरी. (आत्याला तेव्हा रात्री आमचा फोन कधी लागला नाही. ते ती अजून ऐकवते.)

पहिल्या दुकानात डिस्क जेमतेम बघून विचारलं, "मॅडम, सगळा कचरा आहे, फॉरमॅट मारून देऊ?" दुसरे ओळखीतले, मोठे इंजिनिअर. त्यांनी तीसेक विचित्र नावांच्या डिरेक्टऱ्या पाहिल्या आणि 'सोयीसाठी' सगळी पत्रं एकाच फोल्डरमध्ये ओतली. आता प्रत्येक डिरेक्टरीत आपापली २.एमएसजी, आपापली ३.एमएसजी. जुनी पुसून नवी ठेवू का, असं कॉम्प्युटर विचारत राहिला आणि गृहस्थांनी 'येस टू ऑल' दाबलं. नशीब, ते कॉपीवर चाललं होतं. वर मलाच म्हणाले, "तुमच्या वडिलांनी सिस्टिम नीट लावलेली नव्हती." काका, ते वाक्य अजून सलतंय.

तुम्ही फोनवर एकच विचारलंत, "एरियाज.बीबीएस नावाची फाइल आहे का, बघ." होती. साधी मजकुराची फाइल. एका ओळीत एक एरिया, म्हणजे पत्रांचा एक विभाग: आधी डिरेक्टरीचा पत्ता, मग इकोचं (अनेक बीबीएसवर मिळून चालणाऱ्या चर्चेचं) नाव, मग ज्या नोड्सना, म्हणजे दुसऱ्या बीबीएसना, पत्रं पाठवायची त्यांचे नंबर. पत्राच्या फाइलला नुसता आकडा असतो, ते पत्र कुठल्या चर्चेतलं हे डिरेक्टरीच सांगते, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. आलेल्या टपालाची वाटणी करताना पत्रावरची एरियाची ओळ निघून जाते, म्हणजे डिरेक्टरी मोडली की पत्र पोरकं. आणि त्या इंजिनिअरना 'करप्ट' वाटलेली १.एमएसजी? इकोमध्ये ते मुळात पत्रच नसतं, कुठपर्यंतची पत्रं पुढे रवाना झाली त्याची खूण असते.

मग तुम्ही बाबांची नावं मोठ्याने वाचायला लागलात. डॉसमध्ये नावाला आठच अक्षरं, आणि बाबांनी ती रोमन लिपीत मराठी लिहायला वापरली होती. स्थानिक गप्पांची एरिया 'ओटी'. नेटमेल, म्हणजे एकाने एकाला लिहिलेली खाजगी पत्रं, 'माजघर'. यादीत नसलेल्या इकोची पत्रं जिथे जाऊन पडतात, ती 'अडगळ'. इथे तुम्ही इतके हसलात की चहा सांडला. मी मात्र गप्प झाले होते. आमचं घर दीड खोल्यांचं. ओटी नव्हती, माजघर नव्हतं, अडगळ तेवढी पलंगाखाली होती. कोकणातलं विकलेलं घर बाबांनी डिस्कवर पुन्हा बांधलं होतं आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता.

एक नाव अडलं. एम-यू-डी-पी-ए-के-के-एच. तुम्ही चष्मा पुसलात, समोरचा इकोचा टॅग पाहिलात, कुकिंग, आणि म्हणालात, "अगं, मुदपाकखाना! आठात मावला नाही." दोन शेगड्यांच्या आईच्या ओट्याला मुदपाकखाना म्हणणारा माणूस.

पुढचं तांत्रिक मी लिहीत नाही, मला ते निम्मंच कळलं. पण नव्या जागी सगळं मांडताना मी म्हटलं होतं, आता आठ अक्षरांचं बंधन नाही, सरळ समजतील अशी नावं देऊ या. तुम्ही कीबोर्डवरचे हात काढून घेतलेत आणि विचारलंत, "मुदपाकखाना पूर्ण लिहू, की बाबांनी लिहिलंय तसंच ठेवू?" मला बोलता येईना. तुम्ही वाट पाहिलीत. घाई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. मग "तसंच राहू दे" असं स्वतःशीच पुटपुटून पुढच्या ओळीकडे वळलात. काका, आभार त्याचे आहेत. डिस्क वाचवणारा कदाचित दुसराही कुणी सापडला असता.

चहा पिताना तुम्ही टॉम जेनिंग्जबद्दल सांगितलंत, १९८४ साली सॅन फ्रान्सिस्कोतून फिडोनेट, म्हणजे बीबीएस एकमेकींना जोडणारं जाळं, सुरू करणारा. मग जेफ रश, ज्याने १९८६ मध्ये डॅलसमधल्या सिसॉपना, म्हणजे बीबीएस चालवणाऱ्यांना, आपापसांत बोलता यावं म्हणून इको चालवणारं इकोमेल लिहिलं. कुणी पैशासाठी काही केलं नाही, असं म्हणालात. मी पैशाचं विचारलं तेव्हा तुम्ही रागावलात ते बहुधा त्याच घराण्यातलं. अशी माणसं दारावर पाटी लावत नाहीत, म्हणून ती उशिरा सापडतात. आणि पाटीवाल्यांकडे आपण आधी जातो.

आईला मुदपाकखान्याचं सांगितलं. "मला कधी बोलले नाहीत," एवढंच म्हणाली आणि आत गेली. रात्री जेवताना मात्र विचारलं, "परसदार पण आहे का त्यात?"

आहे. बरोबर आठ अक्षरांत बसलंय. एकोणीस पत्रं आहेत, अजून उघडलेली नाहीत. रविवारी या. आई घावन करणार आहे.

तुमची,
सिसॉपची मुलगी